आकृतीत नसलेलं ऊन

इरा आणि नील,

हे तुम्ही स्वतः वाचायचं आहे. बाबांकडून वाचून घ्यायचं नाही. मराठी वाचायला तुम्हाला वेळ लागतो, म्हणून अक्षर मोठं काढलं आहे. माझं शिक्षण इंग्रजीतून झालं आणि अमरावतीच्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मी आयुष्यभर इंग्रजीतच नोंदी केल्या, तेव्हा हे इंग्रजीत लिहिणं मला जड गेलं नसतं. पण ह्यात तुमची कुमुदआजी बोलणार आहे, आणि ती इंग्रजीत बोलू शकत नाही. पुण्याच्या मराठीतसुद्धा ती कधी बोलली नाही.

आत्ताच का लिहिते आहे, तेही सांगते. गेल्या आठवड्यात इराने कळवलं की तिने मानसशास्त्रासाठीचं संख्याशास्त्र हा विषय घेतला आहे. सोबत तिच्या पुस्तकातल्या एका पानाचा फोटो होता. पानावर वर्तुळं होती आणि त्यांना जोडणाऱ्या जाड-बारीक रेघा. इरा, तशी एक आकृती माझी काढलेली आहे. अमरावतीत, राजापेठच्या घरी, माझ्या कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने ती चिकटवली आहे. पुढे तूही अशा आकृत्या काढशील, कोणाच्या तरी आजीच्या. त्याआधी माझी हकीकत तुला माहीत असावी. नील, तू मला दोनदा विचारलंस की मी बाबांशी चार महिने का बोलत नव्हते. त्याचं उत्तरही ह्यातच आहे.

नाव मिळालं

आजोबा गेल्यानंतर दीड वर्ष मी ठीक होते, निदान तसं दिसत होतं. मग एकेक गोष्ट सुटत गेली. मी वर्तमानपत्राची घडी घालून तारखेप्रमाणे रचून ठेवते, हे तुम्ही पाहिलं आहे. मेधाआत्या एकदा न सांगता अकोल्याहून आली, तेव्हा दाराशी अकरा दिवसांची वर्तमानपत्रं रबरासकट पडलेली होती. मी आत खुर्चीवर बसले होते. आंघोळ कधी केली, हे मला सांगता आलं नाही.

ती मला त्याच दिवशी अकोल्याला घेऊन गेली. अमरावतीत दवाखाने नाहीत असं नव्हे. पण इथे दर दुसऱ्या घरात माझ्या ग्रंथालयात येणारी एखादी विद्यार्थिनी निघते, आणि मानसोपचारतज्ज्ञाच्या बाकावर मला कोणी पाहू नये असं आम्हा दोघींनाही वाटलं. शेजारी सांगितलं, गुडघ्यांच्या इलाजाला चाललो. इथे मीही खोट्यात सामील होते, हे नोंदवून ठेवते.

डॉक्टर मध्यमवयीन होते, हळू बोलणारे. त्यांनी अर्धा तास प्रश्न विचारले आणि म्हणाले, "आजी, ह्याला नैराश्य म्हणतात. आळस नाही, म्हातारपण नाही. आजार आहे आणि उपचाराने बरा होतो." मला लाज वाटली आणि हलकंही वाटलं. पुस्तकाला वर्ग मिळाला की त्याला मांडणीवर जागा मिळते. तसं काहीसं.

संध्याकाळी मेधाने कुमुदला फोन केला. कुमुद माझ्याहून चार वर्षांनी धाकटी. तिवसा गावी दिली होती, शेतीच्या घरात. तिला टंकायला येत नसे, ती नेहमी आवाज रेकॉर्ड करून पाठवायची. तासाभरात तिचा निरोप आला. मी तो अजून ऐकते.

"काहून वं ताई? डोक्याचा आजार हाय तं डोक्याचा सांगा न. गुडघे काहून सांगून राह्यले लोकायले? गुडघे तं माहे दुखून राह्यले! अन् पाह्य, तू मोठी पुस्तकवाली, आता त्या डॉक्टरले शिकवाले नको बसू. गोळ्या घे अन् लवकर ये. कौंडण्यपूरले जाचं हाय."

त्या महिन्यात मला हसू आलं ते तेवढंच.

वॉर्डातले दिवस

बारा दिवस मला भरती करून घेतलं, कारण मी पाणीसुद्धा पीत नव्हते. वॉर्ड स्वच्छ होता. सकाळी चहा, मग गोळी, मग डॉक्टरांची फेरी, दुपारी वरण-भात, चार वाजता पुन्हा चहा. सगळं ठरल्या वेळी होत असे आणि मला त्याचा आधार वाटे. आमच्या वॉर्डात रुख्मा नावाची आयाबाई होती. गोळी दिली की ती तोंड उघडायला लावायची.

"जीभ वर करा आजी. हं, गिळली. तुमी लय शिकेल हा, म्हून पाहून राह्यली मी. अनाडी मानूस गोळी थुकते, शिकेल मानूस लपवते."

ती रोज माझी वेणी घालत असे, तेल लावून, घट्ट. तिच्या कामात ते नव्हतं. आजारात माणसाला काय मिळावं असं कोणी विचारलं तर मी सांगीन, कोणीतरी रोज वेणी घालावी.

सहाव्या दिवशी मेधा आली नाही. गाडी बिघडली, असा निरोप आला. सातव्या दिवशी आली तेव्हा डोळे सुजलेले होते. "जागरण झालं," म्हणाली. तिच्या चपलांच्या टाचांना काळी माती चिकटून वाळली होती. शेताची असावी तशी, चिक्कट आणि जाड. मी विचारलं, तर म्हणाली, सोसायटीत पाइपलाइनचं खोदकाम चालू आहे.

त्या सहाव्या दिवशी कुमुद गेली होती. अंगणात चहा पिताना, कप हातात असताना. मला हे दोन महिने कळलं नाही. तुम्हाला मात्र त्याच दिवशी कळलं होतं.

कूलर आणि कैरी

त्याच आठवड्यात सानिया माझ्या आयुष्यात आली. ती अकोल्याचीच, तिच्या वडिलांचं कापडाचं दुकान. मानसशास्त्रात पीएच.डी. करत होती आणि डॉक्टरांच्या परवानगीने रुग्णांचा अभ्यास करत होती. तिने माझ्या सहीने संमती घेतली, माझा फोन मागितला आणि त्यात एक अ‍ॅप घालून दिलं.

वॉर्डात फोन रुख्माकडे असे; तो दिवसातून पाच वेळा वाजायचा आणि तेवढ्यापुरताच माझ्या हातात यायचा. वाजला की आठ वाक्यं समोर येत. मला थकवा आहे. कशात मन लागत नाही. मी इतरांना ओझं आहे. भीती वाटते. झोप नीट झाली नाही. आणि अशीच आणखी तीन. प्रत्येक वाक्याखाली एक पट्टी असे, शून्यापासून शंभरापर्यंत, आणि त्या क्षणी जेवढं वाटतं तिथपर्यंत बोट सरकवायचं. मला ते आवडलं. सगळे विचारत, "कसं वाटतं आता?" त्याला उत्तर नसे. पट्टीला उत्तर देता येई.

ह्याचं करणार काय, असं मी सानियाला विचारलं. तिने माझ्या पलंगावर कागद पसरला.

"देखो आजी, जुनी समज अशी की आत एक आजार बसलाय आणि त्याच्यामुळे झोप जाते, भूक जाते, रडू येतं. आम्ही दुसऱ्या तऱ्हेने बघतो. झोप गेली की थकवा येतो, थकव्याने माणूस लोकांत जात नाही, एकटं पडलं की वाटतं आपण ओझं आहोत, आणि मग झोप जाते. ही एकमेकांना ओढतात. म्हणजे आजार आत कुठे बसलेला नाही, हे जाळंच आजार आहे."

"आणि रेघ कोणाकोणात काढायची, हे कसं ठरवता?"

तिला प्रश्न आवडला. "उन्हाळ्यात बाजारात कूलर येतात आणि कैऱ्या पण येतात. बरोबर? नुसते आकडे बघितले तर वाटेल, कूलरमुळे कैरी येते. पण उन्हाचा आकडा पण घेतला आणि हिशेबातून ऊन बाजूला काढलं, तर कूलर आणि कैरीमधली रेघ गळून पडते. आम्ही प्रत्येक जोडीचं तसंच करतो. बाकी सगळ्यांना बाजूला काढून जी रेघ उरते, तीच काढायची."

"आणि उन्हाचा आकडा घेतलाच नाही तर?"

"तर मग फसलो," ती हसून म्हणाली.

मी हे तेव्हा नुसतं ऐकलं. वॉर्डातून निघाले त्या दिवशी तिने पहिली आकृती दाखवली. आठ वर्तुळं. झोपेपासून थकव्याकडे जाड रेघ, एकटेपणापासून 'ओझं'कडे त्याहून जाड. माझ्या डोक्यातला गोंधळ कोणीतरी नीट मांडून दिला होता. मी तो कागद बराच वेळ हातात धरून बसले. मला वाटलं, आता बरी होईन.

नववं वाक्य

घरी म्हणजे मेधाच्या घरी, अकोल्यालाच. तिने माझं सगळं केलं. चमच्याने पेज भरवली, पाठ चोळली, माझ्यासाठी ऑफिसातून बिनपगारी रजा घेतली. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं वाचताना विसरणार नाही.

फोन पूर्णवेळ हातात मिळाल्यावर मी कुमुदला लावला. तिची सून ज्योती बोलली. "मावशी, आईचा घसा बसला जी. डॉक्टरनं बोलाले मना केलं. टाइप कराले शिकवलं मी त्यायले, मेसेज करतीन त्या." त्या दिवसापासून रोज संध्याकाळी सहाला कुमुदच्या फोनवरून लिहिलेला निरोप येऊ लागला. "ताई, काळजी घे. औषध वेळेवर घे. डॉक्टरांचं ऐक. मेधा सांगेल तसं कर."

आठ दिवस मी वाचत राहिले. नवव्या दिवशी मेधाला म्हणाले, "कुमुद आजारी आहे का? खूप?"

"नाही गं. का?"

"ती माझ्याशी भांडत नाही."

मेधा हसली. पण मी विनोद करत नव्हते. साठ-पासष्ट वर्षांत कुमुदने माझं एक वाक्य सरळ मान्य केलं नव्हतं. मी मुद्दाम लिहून पाठवलं, "मी तिवशाची जमीन विकायचा सल्ला देते." खरी कुमुद त्यावर फोन फोडून बाहेर आली असती. सहाला उत्तर आलं, "बरं ताई, बघू. तू विश्रांती घे."

त्यानंतर सानियाने विचारलं की आठ वाक्यांत स्वतःचं एक वाक्य घालायचं आहे का, तुम्हाला जे छळतं ते. मी वाक्य लिहून दिलं: माझ्यापासून काहीतरी लपवलं जात आहे.

दिवाळीत तुमचा व्हिडिओ कॉल आला होता, आठवतं? नील, तू म्हणालास, "आजी, तुला कुमुदआजीसाठी खूप..." आणि तुम्ही चौघंही जागच्या जागी थिजलात. बाबांनी नंतर लिहिलं, नेट गेलं होतं. नेट गेलं नव्हतं. तुमच्या मागच्या भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा फिरत होता. तुम्ही चौघं श्वास रोखून बसला होतात आणि मी तुमच्या मागे तो काटा बघत होते. तुमच्यावर राग नाही, असं लिहिणार होते. थोडा आहे.

त्या संध्याकाळी पट्टी शंभरावर नेली.

डॉक्टरांचा प्रश्न

दोन आठवड्यांनी दुसरी आकृती झाली. ती बघायला आम्ही चौघं बसलो होतो: मी, मेधा, डॉक्टर आणि सानिया. नववं वर्तुळ अगदी मध्ये आलं होतं आणि त्यातून सगळीकडे जाड रेघा गेल्या होत्या: झोपेकडे, भीतीकडे, एकटेपणाकडे. वाक्य लांब होतं म्हणून सानियाने वर्तुळात एकच शब्द लिहिला होता. संशय.

"हे वर्तुळ सगळ्यांत जास्त जोडलेलं आहे," ती म्हणाली. "हे शांत झालं तर बाकीचीही शांत व्हायची शक्यता आहे."

डॉक्टर मेधाकडे वळले. हा प्रश्न मी शब्दाला शब्द लक्षात ठेवला आहे. "ह्यांच्या संशयाला काही खरा आधार आहे का? घरात काही घडलंय?"

मेधा माझ्या शेजारी बसली होती. तिचा हात माझ्या हातावर होता.

"नाही हो डॉक्टर," ती म्हणाली. "हल्ली तिला असंच वाटतं. सगळ्यांबद्दल."

आणि तिने माझा हात दाबला.

डॉक्टरांनी दुसरी गोळी लिहून दिली. डॉक्टरांना दोष देत नाही. त्यांनी विचारलं होतं. आकृतीलाही देत नाही, रेघ तिने बरोबर जागी काढली होती. दोष नावाचा होता. ग्रंथालयात पुस्तक फाटलं तर शिवता येतं. चुकीच्या वर्गात नोंदलं गेलं तर ते असूनही हरवतं.

शून्य

त्या गोळीने माझे हात थरथरू लागले. माझं अक्षर तुम्ही पाहिलं आहे. आता मला वाणसामानाची यादीही लिहिता येईना. पण त्याहून वाईट होतं ते वेगळंच.

मी आकृतीवर विश्वास ठेवला. आकडे माझेच होते, कोणी माझ्या वतीने भरले नव्हते. आकडे सांगत होते की माझा संशय हा माझ्या आजाराचा गाभा आहे. मग मी तो मोडायला बसले. सहाला निरोप आला की स्वतःला सांगायचे, हे कुमुदच लिहिते आहे, तुझं डोकं बिघडलं आहे. चपलेची माती आठवली की सांगायचे, पाइपलाइन. सेकंदकाटा आठवला की सांगायचे, तू चुकीचं पाहिलंस. मी फार शिस्तीची बाई आहे. रोज थोडं थोडं करून मी स्वतःला खोटं ठरवायला शिकले. पट्टी शंभरावरून सत्तरावर आली, मग चाळिसावर.

एका दुपारी मी नवव्या वाक्याखाली बोट शून्यावर नेऊन ठेवलं. मेधा मागे उभी होती.

"आई! शून्य!" तिचे डोळे भरून आले. "पेढे आणते मी."

तिने खरंच पेढे आणले. मी खाल्ले.

सहाची वेळ

पुढच्या तपासणीला मेधा औषधांच्या रांगेत उभी राहिली आणि मी एकटीच सानियाच्या लहानशा खोलीत गेले. ती खूश नव्हती. समोर तिने माझ्या आकड्यांची लांब यादी काढली होती, वेळेप्रमाणे.

"आजी, एक गोष्ट मला झोपू देत नाही. जाळं काढताना आम्ही सगळे आकडे एकत्र बघतो. पण मी तुमचे वेळेप्रमाणे मांडून बघितले. संशय सकाळी कमी, दुपारी कमी. संध्याकाळच्या घंटेला एकदम वर. रोज. आता शून्य देता, पण संध्याकाळी झोप, भीती, एकटेपण, सगळं अजून तसंच वर जातं." तिने चष्मा काढला. "बीमारी घड्याळ लावून येत नाही, आजी. सहा वाजता काय होतं?"

"माझ्या बहिणीचा मेसेज येतो."

"आणि फोन?"

"तिचा घसा बसला आहे. दोन महिने झाले."

सानियाने यादी बाजूला केली. मग तिने तिचा फोन माझ्यापुढे सरकवला. "नंबर पाठ आहे?"

पाठ होता. मी एकेक आकडा दाबला. सानियाने फोन मोठ्या आवाजावर टाकला आणि तीच बोलली. "हॅलो, कुमुदताई आहेत का?"

ज्योतीचा आवाज आला. अनोळखी नंबर, त्यामुळे तिला सावध राहायचं कारण नव्हतं. मागे कुकरची शिटी होत होती.

"कोन बोलून राह्यले तुमी? बँकेतून का? त्या तं नाही राह्यल्या जी. दिवाळीच्या आंधीच गेल्या. तुमी मंग माह्या मिस्टरच्या नावानं..."

"ज्योती," मी म्हणाले.

शिटी झाली. दुसरी झाली.

"मावशी?" ती म्हणाली. आणि मग रडायलाच लागली. "मावशी, मेधाताईनं सांगतलं होतं. मले नाही म्हनता आलं जी. मावशी, मले मापी द्या."

सानियाने तोंडावर हात ठेवला होता. "या अल्ला," एवढंच ती म्हणत राहिली. "मी तिथे संशय लिहिलं."

मला रडू आलं नाही. पहिल्यांदा जे वाटलं ते दुःख नव्हतं, आणि हे मला अजून खटकतं. पहिल्यांदा वाटलं, मी वेडी नव्हते.

औषधांच्या खिडकीपाशी

मेधा पिशवी घेऊन बाकावर बसली होती. मी समोर उभी राहिले.

"कुमुद कधी गेली?"

तिने वर पाहिलं. "आई, घरी चल."

"कधी?"

"तू वॉर्डात होतीस तेव्हा. सहाव्या दिवशी."

"तू गेली होतीस."

"हो."

"म्हणून माती."

माणसं आमच्याकडे पाहू लागली होती. एरवी मला ते चाललं नसतं.

"तू पाणी पीत नव्हतीस, आई," ती म्हणाली. "मी चमचा धरायचे आणि ते ओठांतून खाली यायचं. त्यात हे कसं सांगू? दादाशी बोलले. तोही म्हणाला, नको. तू गेली असतीस."

"ते मी समजू शकते. वॉर्डातलं समजू शकते. पण डॉक्टरांनी विचारलं तेव्हा? मी शेजारी बसले होते. 'हो' एवढं म्हणायचं होतंस. मला नको, त्यांना बाहेर नेऊन सांगायचं होतंस."

"ते तुला सांगतील अशी भीती वाटली."

"म्हणून मला वेडी ठरू दिलंस?"

तिने पिशवी घट्ट धरली. त्यात माझी दुसरी गोळी होती.

इथे मला माझंही एक सांगायला हवं. आमच्याकडे आजारी माणसाला घरचा मृत्यू कळवत नाहीत. मेधाने हे शोधून काढलेलं नाही, ती ते माझ्याकडून शिकली. माझे वडील शेवटच्या आजारात होते तेव्हा आमचा मोठा भाऊ गेला, आणि मी आणि कुमुदने त्यांना सांगितलं नाही. ते विचारत, "दादा काहून नाही आला?" मी चादर सारखी करत म्हणायचे, शेतावर आहे. मुलगा भेटायला आला नाही, ह्या दुःखात ते गेले.

पुढच्या वर्षी कौंडण्यपूरला, वर्धा नदीच्या घाटावर पाय सोडून बसलो असताना कुमुद म्हणाली, "आपन बाबाले फसवलं वं ताई. माह्यासंग असं नको करजो. मी बी तुह्यासंग नाही करनार. कोनी बी आंधी जावो, दुसरीले त्याच दिशी कळलं पाह्यजे. शब्द दे." मी शब्द दिला. बारा वर्षांची मेधा शेजारी बसून चिंचा खात होती. तिने आम्हा दोघींकडे बघून म्हटलं होतं, "मी सांगीन. मी लक्षात ठेवीन."

औषधांच्या खिडकीपाशी मी तिला ह्याची आठवण करून दिली.

"मला आठवत होतं," ती म्हणाली. "रोज आठवत होतं."

नंतर

डॉक्टरांना सगळं कळलं तेव्हा ते मेधावर चिडले, आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आजी, माझंही चुकलं. मी तुमच्यासमोर त्यांना विचारलं, आणि त्यांचं ऐकून तुमचं सोडून दिलं." दुसरी गोळी त्यांनी हळूहळू बंद केली. पहिली चालू ठेवली. इरा, नील, नीट ऐका: मला आजार होता. तो खरा होता. ती गोळी मी अजून घेते आणि तिने मला वाचवलं. माझी फसवणूक झाली म्हणून आजार खोटा ठरत नाही. तुमच्या ओळखीत कोणाला हे झालं तर त्यांना उपचार घ्यायला सांगा, आणि त्यांच्या घरच्यांना खरं बोलायला सांगा.

मी राजापेठला परत आले. मेधा दर रविवारी येते, भाजी निवडते, जेवते, जाते. आम्ही बोलतो. पूर्वी ती "काही नाही गं आई" म्हणाली की मी मान्य करायचे. आता मी तिच्या चपला बघते. तिला ते माहीत आहे. तुमच्या बाबांशी मी चार महिने बोलले नाही, कारण ते मोठे, लांब राहणारे, शांत डोक्याचे. एकाने तरी नाही म्हणायला हवं होतं.

थंडी सरत असताना मी ज्योतीबरोबर कौंडण्यपूरला गेले. घाटावर बसल्यावर ती हळूच म्हणाली, "मावशी, मेसेज मी आईच्या खाटेवर बसूनच लिवत होती. लिवता लिवता मले वाटे, त्या हायेतच."

"मग भांडली का नाहीस माझ्याशी?"

"मले कुठं येते जी तुमच्याशी भांडता? ते त्यायलेच जमे."

सानिया नंतर घरी आली होती, माझी परवानगी मागायला. तिच्या प्रबंधात माझे आकडे राहू देऊ का? मी होकार दिला, एका अटीवर. ती दुसरी आकृती तिने माझ्यासमोर पुन्हा काढावी. तिने काढली. नववं वर्तुळ त्याच जागी राहिलं, रेघाही त्याच. फक्त शब्द खोडून तिने माझं वाक्य पूर्ण लिहिलं. मग तिने पेन्सिलीने कागदाच्या बाहेरच्या कडेला एक गोल काढला आणि विचारलं, ह्यात काय लिहू? मी म्हटलं, ऊन.

इरा, तुझ्या पुस्तकात हे वेगळ्या नावाने असेल. नऊ वर्तुळं होती आणि नऊही माझी होती. त्यात मेधा नव्हती, तुमचे बाबा नव्हते, ज्योती नव्हती, तुम्ही दोघं नव्हतात. जे सगळ्या रेघा ताणत होतं ते कागदावर नव्हतंच. आकृती काढलीस की आधी ती समोरच्या माणसाला दाखव, आणि घरचं कोणी शेजारी नसताना विचार, ह्यात कोण राहून गेलं? आणि वर्तुळात काय लिहायचं ते त्यालाच लिहू दे.

आता मी सहा तास झोपते. उजव्या हाताचा थोडा कंप राहिला आहे, 'र'च्या शेपटीत तुम्हाला दिसेल. कुमुदला दिलेला शब्द मोडला गेला आणि तो आता जुळणार नाही. फोनमध्ये तिच्या स्वतःच्या आवाजातले चौदा निरोप आहेत, आणि चौदांतही ती माझ्याशी भांडते. मला जे वाटत होतं ते खरं होतं. डोकं माझं होतं आणि ते माझ्याशी खोटं बोलत नव्हतं. एवढं शिल्लक आहे.

आजी